कपाटातली पलटण

बडोद्याच्या मांजलपूर भागातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, बैठकीच्या खोलीत, देवघरासमोरच्या भिंतीला काचेचे एक कपाट आहे. नवीन पाहुणे आले की त्यांना वाटते, मुलीने शाळेत मिळवलेले कप आणि ढाली असतील. जवळ जाऊन पाहिले की ते जरा चपापतात. आत अर्ध्या वितीएवढे सैनिक ओळीने उभे असतात. कुणाच्या पाठीवर पिशवी, कुणाच्या हातात दुर्बीण. खालच्या फळीवर जीपगाड्या, दोन रणगाडे आणि एक पंख मोडलेले विमान.

"मुलाचा छंद वाटतं?" पाहुणे विचारतात.

"हो, मुलाचाच," घरची गृहिणी चहाचा ट्रे ठेवत शांतपणे सांगते, "माझ्या सासूबाईंच्या."

सासूबाईंचा हा मुलगा आज शेहेचाळीस वर्षांचा आहे. बँकेत अधिकारी आहे. कर्जाच्या प्रकरणांवर सही करताना त्याचा हात दहादा थांबतो. पण अहमदाबादला साबरमतीच्या काठी भरणाऱ्या रविवारी बाजारात, जुन्या पंख्यांच्या आणि फुटक्या कपबश्यांच्या ढिगात हिरव्या प्लॅस्टिकचा एखादा पाय दिसला, की तो भर उन्हात उकिडवा बसतो आणि ढीग उपसू लागतो. बायकोने एकच अट घातली आहे. महिन्याचा आकडा वहीत लिहायचा, आणि तो वाणसामानाच्या आकड्यापुढे जाता कामा नये. अट त्याने आजवर पाळली आहे. एकदोनदा आकडा जवळ गेला, तेव्हा त्या महिन्यात त्याने रिक्षा सोडून सिटी बस धरली.

हे सैनिक मूळचे अमेरिकेचे. 'जी. आय. जो' हे त्यांचे नाव. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने बारा इंच उंचीचा, हातपाय वळणारा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुल्यांशी खेळणार नाहीत ही धास्ती होती. म्हणून त्याला बाहुली म्हणायचेच नाही असे ठरले आणि 'ॲक्शन फिगर' हा शब्द रूढ झाला. पुढे १९८२ मध्ये तोच सैनिक पावणेचार इंचांचा होऊन परत आला. उंची कमी झाल्यामुळे त्याला बसायला जीप आणि रणगाडे करणे परवडू लागले. प्रत्येकाच्या वेष्टनामागे त्याची माहिती छापलेली असे. टोपणनाव, खरे नाव, जन्मगाव, कोणत्या कामात तरबेज. यातली बहुतेक माहिती लॅरी हामा या लेखकाने लिहिली. तो स्वतः सैन्यात नोकरी केलेला माणूस. त्यामुळे ते प्लॅस्टिकचे तुकडे न राहता कुठल्यातरी गावची, कुणाच्यातरी घरातली माणसे झाली.

भारतात हे सैनिक आले ते फनस्कूलमुळे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये उभी केलेली ही कंपनी. तिचा कारखाना गोव्यात होता. अमेरिकेतले साचे इथे वापरले जात, पण रंग मात्र पुष्कळदा निराळे असत. अमेरिकेत ही मालिका १९९४ मध्ये थांबली, तरी भारतात नंतरही काही वर्षे ती निघत राहिली. त्या वेळी आपल्याकडच्या मुलांना त्या निराळ्या रंगांचे काहीच वाटत नव्हते. आज त्याच रंगांमुळे परदेशातले हौशी लोक भारतीय सैनिक शोधत असतात.

त्याला पहिला सैनिक मिळाला तो दहाव्या वाढदिवसाला. वडील, म्हणजे अण्णा, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत सहा माणसे राहत. खेळणे विकत आणणे ही त्या घरात घटनाच होती. पगाराच्या दिवशी अण्णांनी खिशातून ते पाकीट काढले, तेव्हा आजीसुद्धा जपमाळ बाजूला ठेवून पाहायला आली. वेष्टनावरचे इंग्रजी त्याने शब्दकोश घेऊन लावले. त्या वर्षीच्या दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या सिंहासनाशेजारी, मातीच्या मावळ्यांच्या रांगेत, हा परदेशी शिपाईही पहाऱ्याला उभा राहिला. कुणालाही त्यात वावगे वाटले नाही.

दोन वर्षांत पाच सैनिक आणि एक जीप जमली. मग १९९१ सालची सहामाही आली. गणितात त्याला शंभरापैकी एकोणीस गुण पडले. अण्णा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी भिंतीवरची कापडी पिशवी काढली, पाच सैनिक आणि जीप तिच्यात भरली, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि ते निघून गेले. परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती. खेळणी कुणाला दिली हे त्यांनी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

गणितात तो पुढे पास झाला, बँकेची परीक्षाही पास झाला. बापलेकांत भांडण कधीच नव्हते. सणाला नमस्कार होई, दुखलेखुपले विचारले जाई. पण बोलणे असे नव्हते. पस्तिशी उलटल्यावर एका रद्दीवाल्याच्या दुकानात त्याला एक हात नसलेला सैनिक दिसला, आणि त्याने तो मागेल त्या किमतीला घेतला. त्या दिवसापासून कपाट भरू लागले. पलटण जमली, पण ती सायकलची रिकामी पिशवी काही त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

माणूस वस्तू का जमवतो, याचे उत्तर अनेकदा त्या वस्तूत नसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपण अडकित्ते, दिवे, दौती आणि वाद्ये पाहत फिरतो. काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर वणवण करून जमवलेला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलेला तो खजिना. पण दारावर नाव आहे ते त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे. हजारो वस्तू जमल्या, त्या सगळ्यांच्या मागे एक रिकामी जागा होती. सामान्य माणसाच्या कपाटामागेही अशी एखादी छोटी जागा असू शकते.

आईच्या निधनानंतर, २०२३ मध्ये, अण्णा मांजलपूरच्या घरी राहायला आले. येताना त्यांनी कपड्यांची एक बॅग आणि हत्यारांची लोखंडी पेटी एवढेच आणले. बैठकीच्या खोलीत त्यांची खाट कपाटासमोरच पडली. ते कपाटाकडे पाहत, पण कधी काही बोलले नाहीत. त्याच्या मनात येई, यांना आठवत असेल का? आठवत असेल तर काही म्हणत का नाहीत?

गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची खंडेनवमी. अण्णांनी हत्यारांची पेटी उघडायला लावली. पक्कड, पाने, कानस, व्हर्निअर कॅलिपर, सारे पुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले. त्याच दुपारी तो कपाट झाडायला बसला होता. एका सैनिकाला हातात घेतले आणि त्याचे दोन तुकडे झाले. छाती एका हातात, कंबर आणि पाय दुसऱ्या हातात. मधून काळ्या रबराचा भुगा गळला.

या जुन्या सैनिकांचे हे दुखणे ठरलेले. त्यांचे वरचे आणि खालचे अंग एका बारीक रबरी कडीने जोडलेले असते. कडीचे एक टोक छातीतल्या खुंटीला, दुसरे पायांना धरणाऱ्या धातूच्या आकड्याला. त्या ताणामुळेच सैनिक कंबरेत वळतो, बसतो. पंचवीस-तीस वर्षांनी रबर वाळते, चिरते आणि एके दिवशी तुटते. प्लॅस्टिक धडधाकट असते, पण माणूस मधूनच सुटतो.

"बघू," खाटेवरून आवाज आला.

त्याने तुकडे अण्णांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा वर केला, पाठीवरचा एकुलता एक स्क्रू पाहिला, भुगा बोटांत चोळला.

"ओ-रिंग गेली. मिळेल. पण आज नाही. आज उद्या हत्यारांना हात लावायचा नाही. दसरा होऊ दे."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून अण्णा टेबलाशी बसले. तुटक्या कडीची जाडी त्यांनी कॅलिपरने मोजली, कागदावर लिहिली आणि त्याला रावपुऱ्यातल्या पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात पाठवले. "नायट्राइल माग. साधं रबर नको. आणि तेलाचा हात लावू नकोस. साधं रबर तेलानं फुगतं." दुकानदाराने पंपाचे नाव विचारले. पंप नाही, शिपाई आहे, असे त्याने सांगितले नाही.

अण्णांचा हात आता थरथरतो. पण स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसला की थरथर थांबते. पाठ उघडली. डोके, दोन्ही हात, सारे बाजूला काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. नवी कडी आकड्यात अडकवली, मग खुंटीवर ताणली, पाठ बसवली. तो स्क्रू पिळायला पुढे झाला, तर अण्णा म्हणाले, "बेतानं. हाताला लागला की थांब. जास्त पिळलास तर प्लॅस्टिक चिरेल. घट्ट म्हणजे मजबूत नव्हे."

सैनिक उभा राहिला. कंबरेत वळला. अण्णांनी त्याला खाली बसवून पाहिले, पुन्हा उभे केले.

त्याला राहवले नाही. "अण्णा, माझे असेच पाच होते. एक जीपपण होती. मी सातवीत असताना तुम्ही देऊन टाकलेत. गणितात नापास झालो म्हणून."

अण्णांनी बराच वेळ आठवून पाहिले. खोटे बोलणारा माणूस इतका वेळ घेत नाही.

"असं केलं मी?"

"हो. सायकलवरून गेलात. पिशवी घेऊन."

"केलं असेल," अण्णा म्हणाले. "आठवत नाही रे. सातवीत तुझ्या आईला टायफॉइड झाला होता, ते आठवतं. ओव्हरटाइम आठवतो. तू नापास झालास हेसुद्धा आठवत नाही." मग थोड्या वेळाने, सैनिकाकडेच पाहत, "तुला फार लागलं का?"

चौतीस वर्षे तो या प्रश्नाची वाट पाहत होता. उत्तर तयार होते, अनेकदा घोकलेले. पण तोंडून निघाले ते एवढेच, "लागलं होतं."

"चुकलंच म्हणायचं मग," अण्णा म्हणाले, आणि भुगा गोळा करून त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. त्याने हिशेब केला. १९९१ मध्ये अण्णा शेहेचाळीस वर्षांचे होते. आज तो स्वतः तेवढ्याच वयाचा. अण्णांना त्या दिवशी आपण काही फार मोठे करतो आहोत असे वाटलेच नसणार. आजारी बायको, ओव्हरटाइम, सहा माणसांचे घर, आणि त्यात मुलाचे एकोणीस गुण. एक पिशवी उचलली आणि नेऊन दिली, झाले. करणारा विसरून गेला, आणि ज्याचे गेले त्याने एक अख्खे कपाट भरले.

मग त्याला आणखी एक गोष्ट आठवली आणि तो उठून बसला.

त्याची मुलगी दहावीत होती. जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्या आठवड्यात, त्याने तिची जलरंगांची पेटी, कुंचले आणि कागदाची वही एका खोक्यात घालून माळ्यावर टाकली होती. "बोर्डाची परीक्षा झाली की काढू." मुलगी काहीच बोलली नव्हती. रडली नव्हती. त्याला वाटले होते, समजूतदार आहे. स्वतः सातवीत असताना तोही असाच समजूतदार होता.

पहाटे त्याने शिडी लावली. आवाजाने बायको जागी झाली. "अहो, एवढ्या पहाटे माळ्यावर काय शोधताय? अजून एक रणगाडा?"

"नाही. पेटी काढतोय."

कोणती पेटी, हे तिने विचारले नाही. तिने शिडी धरली.

सकाळी मुलगी उठली तेव्हा रंगांची पेटी तिच्या टेबलावर, विज्ञानाच्या पुस्तकाशेजारी होती. तिने तिच्याकडे पाहिले, मग बापाकडे. "बाबा, परीक्षा तर मार्चमध्ये आहे."

"माहीत आहे. रविवारी संध्याकाळी दोन तास. वेळ तू ठरव, मोडायची नाही. माझी वही आहे ना, तशीच तुझी."

त्या रविवारी तिने पहिले चित्र काढले ते आजोबांच्या हातांचे. एक हात स्क्रू ड्रायव्हर धरलेला, दुसऱ्यात एक छोटा शिपाई. अण्णांनी ते लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले. "नखं फार स्वच्छ काढलीस," ते म्हणाले, "फिटरची अशी नसतात." पण चित्र त्यांनी परत दिले नाही. उशीखाली ठेवले.

मग कपाटाकडे बोट करून त्यांनी मुलाला विचारले, "यांच्यातले अजून किती जण दुखणाईत आहेत?"

"बारा-तेरा असतील."

"मग रावपुऱ्यातून डझनभर कड्या आण," अण्णा म्हणाले, आणि पेटी पुढे ओढली.