गवताचा पूल

थॉर्नटन वाइल्डरची ‘द ब्रिज ऑफ सॅन लुइस रे’ (१९२७) ही कादंबरी आम्ही विद्यार्थिदशेत वाचली. लिमा-कुस्को मार्गावरील वेलीदोरांचा पूल तुटून पाच माणसे दरीत कोसळतात आणि यामागे ईश्वरी योजना होती काय, या प्रश्नाने एक धर्मोपदेशक झपाटला जातो. कादंबरी लिहिताना वाइल्डरने पेरू पाहिलेला नव्हता. पुढे कानास प्रांताविषयी वाचताना जाणवले, की तिथल्या माणसांना हा प्रश्न पडण्याचे कारणच नाही. ती आपला पूल दरसाल स्वतःच्या हातांनी कापून नदीत सोडून देतात.

कानास हा कुस्को विभागातला प्रांत. त्याचे मुख्य गाव यानाओका सुमारे ३,९०० मीटर उंचीवर आहे. झाडे विरळ, शेतात बटाटा आणि बार्ली, माळावर मेंढ्या नि लामा, आणि उतारांवर सर्वत्र इचू हे ताठ, पिवळसर गवत. खाली खोल घळीतून आपुरिमाक वाहते. केचुआ भाषेत या नावाचा अर्थ ‘बोलणारा देव’ असा सांगतात.

या नदीवरचा केस्वाचाका हा पूल गवताचाच आहे. लांबी सुमारे २८ मीटर. जूनमध्ये चार वस्त्यांतली कुटुंबे आपापल्या वाट्याचा दोर घेऊन येतात. गवत भिजवून, दगडाने ठेचून बारीक दोर वळायचे ते प्रामुख्याने बायकांनी. त्यांचे पीळ घालून जाड दोरखंड करायचे ते पुरुषांनी. चार दोरखंड पायाखाली, दोन हाताशी. काम तीन दिवस चालते, चौथ्या दिवशी उत्सव. याला मराठीत प्रतिशब्द शोधताना आम्हांला ‘इर्जिक’ आठवला. पण इर्जिकीत शेत एकाचे असते, इथे पूल कुणा एकाचा नसतो.

जवळच वाहनांसाठी लोखंडी पूल आहे. मग हा खटाटोप का? युनेस्कोने २०१३ मध्ये या विद्येला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले, पर्यटकही येतात. परंतु तेवढ्याने उत्तर मिळते असे आम्हांला वाटत नाही. याच प्रांतातल्या सुरिमाना, तुंगासुका, पाम्पामार्का या गावांचा कुराका, म्हणजे वतनदार प्रमुख, दुसरा तुपाक आमारू होता. १७८० च्या नोव्हेंबरात त्याने बंड पुकारले. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात त्याला हालहाल करून मारण्यात आले. त्याच शिक्षापत्रात इंकांचा पेहराव आणि त्यांची आठवण जागवणारी नाटके यांवर बंदी आली, लोकांनी स्पॅनिश शिकावे असेही फर्मावले गेले. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या आम्हांला हा तपशील फाशीइतकाच बोचतो. केचुआला पेरूत राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९७५ मध्ये. दोर वळण्यावर बंदी नव्हती. पूल राज्यकर्त्यांनाही हवेच होते.

जतन म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे कुलूपबंद कपाट येते. इथे वस्तू टिकवायचीच नाही. टिकतो तो हाताचा पीळ, आणि तोही दरवर्षी वळला तर. २०२० मध्ये महामारीमुळे नूतनीकरण झाले नाही आणि मार्च २०२१ मध्ये पूल कोसळला. त्याच जूनमध्ये चारही वस्त्या पुन्हा गवत कापायला निघाल्या.