आभाराचा कागद

मुलांनो, सभेच्या अगदी शेवटी कुणीतरी उठतं, खिशातून कागद काढतं आणि आभार मानू लागतं. तोवर आपली चुळबुळ सुरू झालेली असते. माझीही व्हायची. पण १९९४ साली, आठवीत असताना, तो कागद माझ्याच हातात आला.

माझा मामा पुण्यातल्या एका रोटरी क्लबाचा सभासद. दर आठवड्याला त्यांची बैठक भरायची आणि दर बैठकीला एक पाहुणा बोलायला यायचा. कधी डॉक्टर, कधी गिर्यारोहक, एकदा तर घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ! १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघा मित्रांना घेऊन हा क्लब काढला, तेव्हा ते आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत जमत. बैठक फिरती, म्हणून नाव 'रोटरी'. क्लबाच्या अध्यक्षांना त्याची आठवण झाली असावी, कारण एका आठवड्याची बैठक त्यांनी फिरवली ती थेट मुळशीला, धरणाजवळच्या एका शाळेत. "आभार आमची भाची मानेल," मामानं परस्पर सांगून टाकलं.

आदल्या रात्री मी कागद तयार केला. 'मौलिक विचार', 'रंजक माहिती', 'बहुमोल वेळ', सगळं त्यात होतं. भाषण ऐकण्याआधीच आभार तयार!

बैठकीची सुरुवात गमतीची झाली. अध्यक्षांनी टेबलावरची पितळी घंटा वाजवली. बिल्ला न लावता आलेल्या दोघांना दंड झाला. त्यांत मामा एक. सभासदांत बाई एकच, एक डॉक्टर. (१९८९ सालापर्यंत रोटरीच्या नियमांत बायकांना जागाच नव्हती, बरं का!)

पाहुणे होते ऐंशीच्या घरातले एक आजोबा. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. मामानं त्यांना सांगून ठेवलं होतं, "वीस मिनिटं हं. मग घंटा होते."

आजोबा उभे राहिले, पण बोलायला लागेनात. पुण्याहून आणलेल्या इंग्रजी पाटीकडे काठी करून म्हणाले, "त्यावर काय लिवलंय?"

अध्यक्षांनी समजावलं. चार प्रश्न आहेत. बुडत चाललेली एक कंपनी सावरताना १९३२ साली हर्बर्ट टेलर यांनी ते लिहिले. काहीही करण्याआधी स्वतःला विचारायचं: हे खरं आहे का? सगळ्यांना न्याय्य आहे का? यानं स्नेह वाढेल का? सगळ्यांचं भलं होईल का?

"दुसरं परत सांगा."

"सगळ्यांना न्याय्य आहे का?"

"हां. मग तिथनंच सुरू करतो."

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीनं धरण बांधायला घेतलं. पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरवायचं आणि तिथं मुंबईसाठी वीज करायची. पन्नासच्या वर गावांच्या जमिनी त्यात जायच्या होत्या. १९२१ साली रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळे कामावर जाऊन बसले. बायका, पोरं, सगळी. "जान किंवा जमीन!" पां. म. बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यानं दिलं. सत्याग्रही तुरुंगात गेले, पण धरण झालं.

हे मी माझ्या शब्दांत सांगते आहे. आजोबांना सालं आठवत नव्हती. त्यांना आठवत होता आंबेमोहर. "भात फुलोऱ्यावर आलं की वास घरात यायचा. पोट भरल्यावानी वाटायचं." कुणीतरी विचारलं, "भरपाई मिळाली ना?" आजोबा हसले. "मिळाली की! सावकाराच्या वहीत गेली." (पुढे प्रा. राजेंद्र व्होरांचं या सत्याग्रहावरचं पुस्तक वाचलं, त्यातही सावकार भेटलेच.)

मी मांडीवरचा कागद विसरून ऐकत होते.

"पानी चढाया लागलं. निघायच्या दिशी, पहाटं, माझ्या आयनं..."

टण्ण!

वीस मिनिटं झाली होती. अध्यक्षांचं काही चुकलं नाही, नियम तो नियम. आजोबा वाक्य अर्धवट टाकून मुकाट्यानं खाली बसले. मामानं मला खुणावलं.

मी उठले. खरं तर कागद बाजूला ठेवायला हवा होता. पण पाय लटपटत होते, दुसरं काही सुचेना, आणि मी घडाघडा वाचत सुटले. "आजच्या रंजक माहितीबद्दल..." तो शब्द तोंडातून गेला आणि कान तापले. त्या डॉक्टर बाईंनी मान खाली घातली. टाळ्या मात्र झाल्या. आजोबांनीही वाजवल्या.

चहाच्या वेळी मी त्यांच्यापाशी गेले. "आजोबा, मी चुकीचं वाचलं."

"न्हाई गं पोरी, झ्याक बोललीस."

"पुढं काय झालं? तुमच्या आईनं काय केलं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "आयनं सगळं घर झाडलं, शेणानं सारवलं. बा म्हनला, आगं, पानी येनार हाय, कशापायी सारवतीस? तर म्हनली, घर पारोसं सोडून जात्यात व्हय?"

मी कागद उलटा केला आणि मामाचं पेन घेऊन पाठकोऱ्या बाजूला ते लिहून काढलं. आजोबा थांबून थांबून सांगत होते. उंबऱ्यापाशी आईनं रांगोळीही काढली होती म्हणे.

परतताना गाडीत मामा म्हणाला, "तो आभाराचा कागद दे. क्लबाच्या फायलीला लावायचाय."

मी दिला नाही.