सात अधिक तीन

बँकेत चोवीस वर्षं मी चेकवरच्या सह्या जुळवल्या. शेपूट जरा वाकडं दिसलं की चेक परत. त्यामुळे वॉर्डातल्या सिस्टरनं वही पुढं करून "काका, इथं सही करा" म्हटलं, तेव्हा मला वाटलं संमतीचा आणखी एखादा कागद असेल. ती म्हणाली, "कागद नाही. तुमची सही कालच्यासारखीच येते का, ते बघायचंय."

पण ही गोष्ट तिसऱ्या महिन्यातली. सुरुवात झाली ती हिरड्यांतून येणाऱ्या रक्तानं. आठवडाभरात बोन मॅरोची तपासणी झाली आणि नाव कळलं: अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. वय 49.

उपचाराचं नाव ऐकून मला हसूच आलं, 'सात अधिक तीन'. सायटारबीन सात दिवस, रात्रंदिवस थेंब थेंब. त्यातले पहिले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन. हे दुसरं औषध लालभडक, रसना सरबतासारखं. लघवीही लाल होते. ते आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. 1970च्या दशकापासून ही जोडी चालत आलेली आहे. मुलगा अस्वस्थ झाला. "पप्पा, पन्नास वर्षांपूर्वीचं औषध? निदान डोस तरी वाढवायला सांगा."

मी खरंच विचारलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. डॉनोरुबिसिनचा डोस शरीराच्या चौरस मीटरवर ठरतो. 45 मिलिग्रॅम आणि 90 मिलिग्रॅम अशी तुलना अमेरिकेत झाली, 2009 साली निकाल आला. साठीपर्यंतच्या रुग्णांत 90 सरस ठरलं. म्हणजे मुलाचं बरोबर? "थांबा," ते म्हणाले. पुढं ब्रिटनमध्ये 1206 रुग्णांवर 60 आणि 90 यांची गाठ घातली गेली. 2015 साली छापून आलं की आजार आटोक्यात येण्याचं प्रमाण दोन्हीकडं जवळपास सारखंच. मात्र पहिल्या साठ दिवसांत दगावणारे 90च्या गटात 10 टक्के, 60च्या गटात 5. हिशेब माझा मीच केला: सहाशेंमागं तीस माणसं जास्त. मुलाला म्हटलं, साठच घेऊ.

अण्णा भेटले ते डे-केअरच्या बाकावर. आजार माझाच, वय 72, हृदय कमजोर. टू-डी इकोचा रिपोर्ट पाहूनच लाल औषध बाद झालं होतं. त्यांना सात दिवस पोटावर अॅझासिटिडिनचं इंजेक्शन आणि रोज व्हेनेटोक्लॅक्सची गोळी. गोळी महागडी. पण बुरशीविरोधी पोसाकोनॅझोल सोबत चालू असलं की ती शरीरातून सावकाश जाते, म्हणून 400 ऐवजी 100 मिलिग्रॅमवर भागवतात. अण्णांचा मुलगा हे सांगताना पहिल्यांदा हसला.

मला अण्णांचा हेवा वाटायचा. इंजेक्शन घेऊन ते संध्याकाळी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जायचे. मी 'सात अधिक तीन'च्या वेळी 27 दिवस एका खोलीत. पांढऱ्या पेशी 200वर आल्या, ताप 103, तोंडात इतके फोड की वरणाचं पाणीही गिळवेना. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्स, द्यायला बँकेतली पोरं पाळीपाळीनं येत होती. त्यांच्यातल्या एकाचं कर्ज मी नामंजूर केलं होतं.

एकदा अण्णांना म्हणालो, तुमचं बरं आहे. ते म्हणाले, "साहेब, तुमची एकरकमी फेड. माझे हप्ते. दर अठ्ठावीस दिवसाला, आन मुदत कुणी लिहून दिली नाही." त्यावर मी काय बोलणार? जोवर लागू पडतंय आणि सोसतंय तोवर चालू, असाच तो उपचार. मुलानं 2020 सालचा निकाल वाचून दाखवला होता: नुसत्या अॅझासिटिडिनवर मध्यक आयुष्य 9.6 महिने, गोळी जोडल्यावर 14.7. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याच्याही पुढं जातात, हे मला कळतं. तरी तो आकडा मी अण्णांना सांगितला नाही.

आणि मग सही. आजार आटोक्यात आल्यावर सायटारबीनचा मोठा डोस असतो. एक दिवसाआड तीन दिवस, दर बारा तासांनी. तो लहान मेंदूला बाधू शकतो. म्हणून प्रत्येक डोसआधी सही, मग बोट नाकाला लावणं, एका रेषेत चालणं. डोळे जळू नयेत म्हणून स्टिरॉइडचे थेंब. अशा तीन फेऱ्या, सहा-सहा सह्या.

अकराव्या सहीचं शेपूट घसरलं. माझ्या आधी सिस्टरच्या लक्षात आलं. तिनं डोस थांबवला, रात्री दीड वाजता डॉक्टरांना उठवलं. पुन्हा सही, बोट नाकाला, भिंतीपर्यंत चालून परत. गुन्हेगार निघाला हाताला टोचलेल्या सुईचा चिकटपट्टा. आमच्या बँकेत इतक्या बारकाईनं बघणारी माणसं दोन होती, त्यातला एक निवृत्त झाला.

माझ्या अठरा सह्या पूर्ण होऊन सात महिने झाले. काउंट ठीक आहेत, दर महिन्याला तपासणी. अण्णांची अकरावी फेरी सोमवारी सुरू होते.