दळण

पायाच्या अंगठ्याचं हाड किती बोलकं असू शकतं, हे मला अबू हुरैराविषयी वाचताना कळलं.

सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरैरा नावाचं पांढरीचं एक मोठं टेकाड होतं. होतं म्हणायचं, कारण तब्का धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. बुडण्याआधी, १९७२ आणि १९७३ मध्ये, अँड्र्यू मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं घाईघाईनं उत्खनन केलं. एकाच जागेवर जगण्याच्या दोन तऱ्हा हाती लागल्या. खालच्या थरांत शिकार करून आणि रानातलं वेचून खाणाऱ्यांची वस्ती, सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची. वरच्या थरांत शेतकऱ्यांचं, मातीच्या विटांच्या घरांचं गाव.

त्या गावातल्या माणसांची हाडं लंडनच्या थेया मोलसन यांनी तपासली. अनेक सांगाड्यांत अंगठ्याचा सांधा झिजून गेलेला होता. गुडघ्यांपाशी हाडाला जास्तीची वाढ झाली होती आणि पाठीचा मणका दबलेला होता. हे सांगाडे बहुतेक बायकांचे होते. मोलसन यांनी लावलेला अर्थ असा: गुडघे टेकायचे, चवडे मागे दुमडून जमिनीत रुतवायचे, पुढं झुकायचं आणि खोलगट पाट्यावर दोन्ही हातांनी दगड पुढं-मागं रेटत धान्य रगडायचं. रोज, तासन्‌तास, लहान वयापासून.

शेतीचा आरंभ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं शेत येतं. नांगर धरलेला पुरुष, डोलणारी कणसं. नांगर खरं तर हजारो वर्षांनी आला. आणि शेतातली कामं हंगामाची असतात. पेरणी काही दिवसांची, कापणी-मळणी काही आठवड्यांची. दळण मात्र रोजचं. मांस भाजून खाता येतं, फळ तोडून खाता येतं, कंद राखेत पुरून ठेवला की आपला आपण शिजतो. धान्याचं तसं नाही. ते कांडावं लागतं, पाखडावं लागतं, भरडावं लागतं, तेव्हा कुठं पोटात जातं. वर्षभर साठवता येणं हे धान्याचं थोरपण, पण पीठ धान्याइतकं टिकत नाही. म्हणून साठा कणगीत आणि कष्ट रोजचे. शेतीनं माणसाचा दिवस बदलला तो शिवारात बदलला त्याहून जास्त घरात, पाट्यापाशी.

वेचून खाणाऱ्यांनाही बी रगडणं ठाऊक होतं. त्यांचेही दगड सापडतात. पण त्यांचं पोट एकट्या धान्यावर नव्हतं. अबू हुरैराच्या खालच्या थरांतल्या जळक्या बिया-दाण्यांवरून गॉर्डन हिलमन यांनी दीडशेहून अधिक वनस्पती ओळखल्या. वसंतात हरणांचे कळप यायचे, तेव्हा शिकारीची धांदल. प्रत्येक ऋतूचं काम वेगळं, म्हणून अंगाला पडणारा ताणही वेगळा. शेतकऱ्यांच्या ताटात मात्र थोडी धान्यं, थोड्या डाळी उरल्या, आणि बायकांच्या वाट्याला बाराही महिने तीच एक हालचाल आली.

याचा अर्थ आधीचं जग सुखाचं होतं असा काढायचा मोह होतो. १९६० च्या दशकात रिचर्ड ली यांनी कालाहारीत शिकार करून आणि वेचून जगणाऱ्या लोकांच्या कामाचे तास मोजले. अन्न मिळवण्यात त्यांचे आठवड्याचे जेमतेम अडीच दिवस जात होते. त्याच दशकात मार्शल साहलिन्स यांनी अशा समाजांना मूळचे संपन्न समाज म्हटलं, आणि ती कल्पना जगभर गाजली. पुढं लोकांनी विचारलं, कवचं फोडणं, रांधणं, लाकूड-पाणी, हत्यारांची डागडुजी हे हिशोबात कुठं आहे? ते धरल्यावर तास दुपटीहून वाढले. मला या वादात एकच गोष्ट खटकते. मोजायला बसलेल्या माणसालाही पहिल्यांदा चूल दिसली नव्हती.

अबू हुरैराच्या दातांतही एक गोष्ट आहे. भरड पिठात दगडाची कच आणि न फुटलेले दाणे यायचे, त्यानं दात झिजायचे, तुटायचे. पुढं मातीची भांडी आली, पेज शिजू लागली आणि दात तुटायचे थांबले, पण किडू लागले. पेजेमुळं आणखी एक झालं असावं असं मोलसन म्हणतात. बाळाला मऊ खाणं देता येऊ लागलं. त्याचं दूध लवकर तोडता आलं आणि पुढचं मूल लवकर होऊ लागलं. सतत हिंडणाऱ्या बाईला दोन कडेवरची मुलं परवडत नाहीत, तिच्या बाळंतपणांत काही वर्षांचं अंतर पडतं. घरात राहणाऱ्या बाईचं ते अंतर आटलं. तोंडं वाढली म्हणून दळण वाढलं, आणि इतक्या तोंडांना रान पुरेना म्हणून मागं फिरणंही अवघड झालं.

अवघड, पण अशक्य नव्हे. त्याची साक्ष आपल्याकडेच आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. मुख्य पीक जव. चौकोनी घरं, धान्य साठवायच्या जागा, चुली. आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली. आई ज्या जमिनीवर बसून दळत असेल, तिच्याच खाली.

इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडं झालं असं अभ्यासक मानतात. घरं लहान, गोल झोपड्यांची झाली, शेती आटली, शिकारीवरची भिस्त वाढली. पुढं तीनेकशे वर्षांनी गावच उठलं. शिकारीकडून शेतीकडं जाणारी वाट सरळ चढणीची आहे असं मला शाळेत शिकवलं होतं. इनामगावचे लोक ती अर्धीमुर्धी उतरून गेलेले दिसतात.

माझी आत्या याच घोडकाठच्या एका गावात नांदली. पाटा मागं पडून फिरतं जातं येऊन तोवर शतकं लोटली होती. गुडघे टेकायचं संपलं, पण पहाटे उठायचं संपलं नाही. जात्याबरोबर आल्या त्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भोजपुरीत जतसार आहे, कन्नडमध्ये बीसुव पद आहे. या देशातल्या किती भाषांतली बाईची कविता दगडाच्या घरघरीवर बेतलेली आहे! भाषा बदलते, जातं तेच.

मी बडोद्यात राहते. आत्याचं जातं परसात पावसात पडलेलं पाहून मी म्हटलं, आत्या, हे मला दे, गॅलरीत ठेवते. ती म्हणाली, "ने की. पन दळू नको त्याच्यावर." मग मी तिला ओव्या विचारल्या. तिनं दोन-तीन म्हटल्या आणि थांबली. म्हणाली, "अगं, बसून म्हनायची नसती ती. हात चालला की येती." पायलीभर ज्वारी दळायला किती ओव्या लागतात, हे तिला पाठ होतं. मी ज्याला कविता म्हणत होते, ते तिचं घड्याळ होतं.

ओवी गोड होती म्हणून दळण गोड होतं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. आत्याचे गुडघे आज जिना चढू देत नाहीत. तिच्या पिढीच्या बायकांनी लांबवर चाललेल्या एका कामाचा शेवटचा तुकडा ओढला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते काम संपलं. मानवी इतिहासातला एवढा मोठा बदल, पण त्याची तारीख कुठं लिहिलेली नाही. गावात पिठाची गिरणी आली, पट्टा फिरू लागला, आणि बायका डोक्यावर डबे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, बस.

मी विचारलं, "आत्या, गिरणी आली तेव्हा पहिल्यांदा तू काय केलंस?"

तिला आठवावं लागलं नाही. म्हणाली, "झोपले की. पार उजाडेपर्यंत झोपले."