राखाडी तार

साकोलीत धानाचा व्यापार करणारे एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला आणि महिन्यातून एकदा नागपूरला जातात. राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही सहा नंबरचा रस्ता, त्यांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. नागपूर तेथून सुमारे शंभर किलोमीटर. या वाटेवर लाखनी मागे पडले की गाडीतील टेप सुरू करण्याचा त्यांचा जुना परिपाठ. साधन आता पडद्याचे झाले, तरी त्यांच्या घरात त्याला टेपच म्हणतात.

त्यांना ऐकायचे असे ते एकच. १९८९ साली थोरल्या मुलीच्या बारशाला त्यांच्या आईंनी म्हटलेला पाळणा घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित झाला होता. यंत्र साधे, माईक एकच, मागे बायकांची कुजबुज आणि भांड्यांचा आवाज. आई १९९६ साली गेल्या. त्यांचा दुसरा आवाज घरात कोठेही नाही. पुढे धाकट्या मुलाने ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली आणि तो पेनड्राइव्ह गाडीतच राहू लागला.

गाडी दहा वर्षांची झाली तेव्हा मूळचा पडदा काळा पडू लागला. बोट लावले तर दाद नाही, मागचा कॅमेरा कधी दिसे, कधी नाही. अधिकृत केंद्राने नव्या युनिटचा भाव अडतीस हजार रुपये सांगितला. नागपुरातील एका दुकानात नऊ इंची अँड्रॉइड संच बसवणुकीसह साडेअकरा हजारांत मिळत होता. व्यापारी माणसाने काय केले असेल, हे वाचकांना सांगावयास नको. दीड तासात जुना संच निघाला, नवी फ्रेम बसली, पडदा लखलखू लागला. खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असे ठळक छापले होते. हा आकडा फ्लॅट रेटच्या व्याजासारखा असतो: छापलेला एक, पदरात पडणारा दुसरा. बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला नसेल, तर गाडीच्या बॅटरीवर असा संच दर स्पीकरला वीस वॉटांच्या आसपासच स्वच्छ आवाज देऊ शकतो.

परतीच्या वाटेवर लाखनीनंतर त्यांनी पाळणा लावला. आई गात होत्या, पण रित्या हंड्यात तोंड घालून कोणी गावे तशा. शब्दांची किनार ऐकू येई, गळा मात्र ऐकू येत नव्हता. आवाज वाढवला, तर केवळ सरसर वाढली. शेजारी बसलेल्या नातवाने चित्रपटगीत लावले आणि म्हणाला, “आजोबा, आवाज एकदम भारी आहे!” ते काही बोलले नाहीत.

त्यांनी दोष स्वतःच्या कानांना दिला. वय एकाहत्तर. दुकानात गिऱ्हाइकाला ‘काय म्हणालात?’ असे दोनदा विचारावे लागत होतेच. भंडाऱ्यास जाऊन त्यांनी कान तपासून घेतले. डॉक्टरांनी आलेख दाखवून सांगितले, की वयोमानानुसार वरच्या पट्टीचे स्वर थोडे कमी झाले आहेत, काळजीचे कारण नाही. तो कागद त्यांनी तिजोरीत ठेवला आणि पेनड्राइव्ह लावणे बंद केले. घरात कोणाला कारण सांगितले नाही. आईचा आवाज गाडीत नाही, आपल्यातच संपत चालला आहे, अशी त्यांची समजूत झाली होती, आणि अशी गोष्ट मुलांना कशी सांगायची?

वस्तुतः उत्तर त्या आलेखातच होते. वयाने कान मंदावतात तेव्हा आधी ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे बारीक ध्वनी जातात आणि आवाज भरलेला, अस्पष्ट वाटतो. त्यांच्याबाबतीत नेमके उलट घडत होते. बारीक ध्वनी शाबूत होते, भरीवपणा नाहीसा झाला होता.

आठ महिने असेच गेले. एके दिवशी इंडिकेटरची तक्रार घेऊन ते साकोलीतीलच एका तरुण वायरमनकडे गेले. त्याने चावी फिरवली, आणि कोणीतरी काढावयाचा विसरलेला पेनड्राइव्ह आपोआप वाजू लागला. त्यांनी बंद करण्यास हात पुढे केला. पोरगा म्हणाला, “थांबा जी, काकाजी. एका माइकवरचं आहे का हे?”

त्याने पडद्यावर बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला. आईंचा आवाज स्वच्छ आला. उजवीकडे नेला, तरी स्वच्छ. मध्यावर आणताच आवाज पुन्हा हंड्यात गेला. “तुमचे कान बराबर आहेत जी,” तो म्हणाला, “एक स्पीकर उलटा लागला आहे.”

पडदा उतरवल्यावर सारे दिसले. नागपूरच्या त्या दुकानात गाडीचा मूळ कपलर कापून तारा पिळून टेप गुंडाळला होता. बाजारातील संचांत तारांचे रंग बहुधा ठरलेले असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचे हिरवा आणि जांभळा. काळी रेघ असलेली जोडीची तार ऋण असते. गाडीच्या मूळ तारांचे रंग निराळे, आणि तेथे पुढच्या उजव्या बाजूची अदलाबदल झाली होती. राखाडी तार ऋणाला, काळ्या रेघेची धनाला. खात्रीसाठी पोराने दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहिला. एका स्पीकरचा पडदा बाहेर उडाला, दुसऱ्याचा आत ओढला गेला.

एक स्पीकर हवा ढकलतो त्याच क्षणी दुसरा ती ओढतो, आणि दोन्ही लाटा परस्परांची वजाबाकी करतात. शंभर हर्ट्‌झच्या खर्ज स्वराची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते, गाडीच्या रुंदीहून पुष्कळ मोठी. म्हणून वजाबाकी खालच्या स्वरांची होते, बारीक स्वर निसटून जातात. एका माइकवरील मुद्रणात दोन्ही बाजूंना तंतोतंत तोच आवाज असल्याने फटका त्याला सर्वाधिक. चित्रपटगीतात वाद्ये डावी-उजवीकडे वाटलेली असतात. तेथे फक्त खर्ज कमी पडतो. नातवाने तो बास पुरता चढवून भरून काढला होता, आणि त्या ओझ्याने संच मोठ्या आवाजात फाटत असे.

नवा संच घेणाऱ्यांनी मूळ वायरिंग न कापता आपल्या गाडीचा तयार कपलर मागून घ्यावा. त्याला थोडे अधिक पैसे पडतात. आणि पैसे मोजण्यापूर्वी एखादे साधे बोलणे लावून बॅलन्स तिन्ही जागी फिरवून पाहावा. एवढ्या परीक्षेस एक मिनिट पुरते.

पोराने नवा कपलर लावला, तारा डाखल्या, स्लीव्ह चढवली आणि बास शून्यावर आणला. कपलरसह सातशे रुपये झाले. गृहस्थांनी हजार दिले आणि सुटे घेतले नाहीत.

इंडिकेटरचे काम दुसऱ्या दिवसावर टाकून ते गाडीतच बसून राहिले. पाळणा संपत आला. शेवटच्या कडव्यात आई अर्ध्यावर थांबतात आणि गाण्याच्या सुरातच म्हणतात, “अगं, दिवस मावळायला आला, आधी सगळ्यांची पानं वाढा.” मग बांगड्यांचा आवाज, आणि टेप बंद केल्याचा खटका. तो खटकाही त्यांना ऐकू आला.