आण्णांचा गुण्या

नगरला सावेडीच्या घरी सुतारकाम करावं म्हणून मी मायटर सॉ घेतला. तो निवडला मात्र आमच्या गावच्या सुतारआण्णांनी. आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली आणि विजेची करवत त्यांनी कधी हाताळली नव्हती. तरी दुकानात मी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांचाच होता.

आमचं गाव राहुरी तालुक्यातलं. आण्णा आमचे बलुतेदार. बाभळीचे कुळव-पाभर, कडुनिंबाच्या चौकटी, सगळं त्यांच्या हातचं. शाळा सुटली की मी त्यांच्या छपरात जाऊन बसे. कट तपासायची त्यांची रीत मी तिथंच पाहिली. फळी कापायची, एक तुकडा उलटा करायचा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या कडा पुन्हा भिडवायच्या. फट दिसली तर कट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. दिसते ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. आण्णा म्हणायचे, "बारकी चूक डोळ्याला दिसत नाही बाळा, म्हणून तिला दुप्पट करून बघायचं."

चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ कट. प्रत्येक कट अर्धा अंश एकाच बाजूला चुकला, तर शेवटचा कोपरा 4 अंशांनी उघडा राहतो. म्हणून दुकानदार वॅट आणि लेझर सांगत होता, तेव्हा मला आण्णांचं "आधी काम सांग, मग हत्यार" आठवत होतं. मला पुस्तकांच्या कपाटासाठी 10 इंची फळ्या कापायच्या होत्या. 10 इंची पात्याचा साधा सॉ साधारण साडेपाच इंच रुंदी कापतो. रुळांवर सरकणारा 12 इंचांच्या आसपास जातो. 45 अंशांत हीच रुंदी सुमारे 70 टक्के उरते. मला सरकणाराच हवा होता. त्याचं डोकं पुढं ओढून आडवं हलवून पाहिलं, रुळांत खेळ नव्हता. सागाच्या स्वच्छ कटासाठी कार्बाईड टोकांचं 60 दातांचं पातं वेगळं घेतलं. मग सोबत नेलेली सागाची पट्टी कापून उलटवली. केसाएवढी फट दिसली. मागची आधारपट्टी सैल करून गुण्याला लावली आणि पुन्हा कापलं. कडा अशा बसल्या की मधून उजेड येईना.

आता शेजारची मुलं काम बघायला येऊन बसतात. मशीन सुरू करण्याआधी मी त्यांना तुकडा उलटवायला शिकवतो, आणि ही रीत कुणाची तेही सांगतो.

औत-पाभरीच्या कामाचं बलुतं आमच्या घरानं दर सुगीला खळ्यावर मापून दिलं. एका पोराला छपरात बसू दिलं, त्याच्या हाती गुण्या दिला, त्याचं धान्य मात्र कुणी मापलं नाही. आण्णांनी मागितलंही नाही. ते देणं माझ्याकडे आहे.