वासाचा हिशेब

मराठीत वासासाठी शब्दांची चणचण नाही. एका बाजूला सुवास, दरवळ, घमघमाट. दुसऱ्या बाजूला दर्प, कुबट, आंबूस, उग्र. पण मांजराच्या मुताचा वास यातल्या कशातच नीट बसत नाही. तो नाकात शिरतो आणि थेट डोक्यात जातो. तुम्ही भाड्याच्या वन बीएचकेत राहत असाल, तर तिथून पुढे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही जातो.

सखू माझ्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. त्याआधी ती साताऱ्याजवळच्या गावात आजीची मांजर होती. तिथे लिटर बॉक्स नावाची वस्तूच नव्हती. परसात भुसभुशीत माती आणि बंबाच्या राखेचा ढीग. सखू जायची, उकरायची, उरकायची, वर माती लोटून परत यायची. पुढचं काम ऊन आणि वारा करायचे. आजी गेली, घराला कुलूप लागलं आणि सखू टोपलीत बसून वाकडला सहाव्या मजल्यावर आली. आजीच्या घरातलं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. घरमालकांची अट एकच होती : मांजर ठेवा, पण वासाची तक्रार आली तर दोघांनी घर सोडायचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे लक्षण झाकलं की ते रात्री तीन वाजता पुन्हा उगवतं, म्हणून आधी कारण शोधायचं असतं. अगरबत्ती, रूम फ्रेशनर, कापूर ही सगळी लक्षणं झाकायची साधनं. कारण वेगळंच आहे. घरातल्या मांजरांचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. त्यामुळे मांजर पाणी कमी पितं आणि त्याची मूत्रपिंडं थेंब न् थेंब वाचवून मूत्र फार दाट करतात. या मुताला ताजं असताना तितका वास नसतो. त्यातल्या युरियावर जिवाणू बसले की अमोनिया तयार होतो, आणि डोळ्यांत पाणी आणतो तो हा अमोनिया. शिवाय मांजराच्या मुतात फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू विघटित होतं आणि तो खास ‘बोक्याचा’ वास सुटतो. नसबंदी न केलेल्या बोक्यांत ते सर्वाधिक. सखूची नसबंदी झालेली, म्हणजे माझं भांडण मुख्यतः अमोनियाशी.

जिवाणूंना दोन गोष्टी लागतात : ओल आणि वेळ. म्हणजे ओल बांधून टाकायची आणि वेळ द्यायचा नाही. ओल बांधायचा शोध जुना आहे. 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. राखेने मांजराचे काळे पंजे घरभर उमटतात, ही तिची तक्रार. लोने तिला तेल शोषून घेण्यासाठी विकली जाणारी माती दिली, म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच बहीण. त्यातून एक अख्खा धंदा उभा राहिला. पुढे 1980च्या दशकात बेंटोनाइट आलं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि तिचं घट्ट ढेकूळ होतं. हे बेंटोनाइट आपल्या कच्छमध्ये भरपूर सापडतं. आजीच्या परसातली माती मला दहा किलोच्या पिशवीत विकत आणावी लागते, एवढाच फरक.

वेळेचा भाग मात्र विकत मिळत नाही. सकाळी चहाआधी आणि रात्री जेवणानंतर, जाळीच्या झाऱ्याने ढेकळं काढायची. माती तीन इंच तरी खोल हवी, नाहीतर ओल तळाला चिकटते. एका मांजराला दोन डबे. डबा पुरेसा मोठा आणि उघडा. झाकणाने वास आपल्यापुरता कमी होतो, पण आत तो मांजरासाठी कोंडतो, आणि ते कंटाळून सोफ्यामागे जागा शोधतं. वॉशिंग मशीनशेजारी डबा नको. मशीन ऐनवेळी घरघरलं की मांजर तिथे पुन्हा पाऊल ठेवत नाही. तीन आठवड्यांनी सगळी माती बदलून डबा साध्या साबणाने धुवायचा. जुलैत पुण्याची हवा ओली असते, तेव्हा दोनच आठवड्यांनी. प्लास्टिकला नखांचे ओरखडे पडतात आणि त्यांत वास मुरतो, म्हणून वर्षाने डबाच बदलायचा.

आईला हे सगळं अति वाटायचं. तिचा उपाय एका शब्दाचा : फिनेल. “आजीने आयुष्यभर मांजरं पाळली, फिनेलनेच फरशी पुसली.” तेव्हा सखू दिवसभर बाहेर असायची, इथे ती त्याच फरशीवर चालते आणि मग पंजे चाटते, हे मी फोनवर अनेकदा सांगितलं. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची जी सोय आपल्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. डांबरगोळ्याही तशाच घातक. ब्लीच तर नकोच, कारण अमोनियाशी त्याचा संयोग झाला की माणसालाही घातक असा वायू निघतो. आईने शेवटी “तुझं घर, तुझी मांजर” म्हणून विषय सोडला.

वासाची एक अडचण अशी, की तो घरात राहणाऱ्यालाच येत नाही. नाक थोड्या वेळात सरावतं. त्यामुळे दर दोन महिन्यांनी येणारी आई हे माझं एकमेव भरवशाचं मापनयंत्र होतं. दार उघडताच ती नाकाला पदर लावते की नाही, एवढंच मी बघायचो. मधल्या काळासाठी एक स्प्रेडशीट केली : रोज किती ढेकळं, पिशवी किती दिवस पुरली.

सखू बारा वर्षांची झाली त्या दिवाळीत आई आली, चपला काढल्या आणि म्हणाली, “आता अजिबात वास येत नाही हो तुझ्याकडे.” तीन वर्षांत एवढं कौतुक पहिल्यांदा झालं होतं. पण मी काहीच बदललं नव्हतं. माती तीच, झारा तोच, वेळा त्याच. काहीही न बदलता एखादा अलार्म वाजायचा थांबला, तर आम्ही पेढे वाटत नाही, लॉग उघडतो. शीटमध्ये रोजची तीन ढेकळं पाचावर गेली होती, आणि पाच आठवडे पुरणारी पिशवी साडेतीन आठवड्यांत संपत होती. मूत वाढलं होतं आणि वास कमी झाला होता. याचा एकच अर्थ निघत होता : ते पातळ झालं होतं.

डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, दुसरा टप्पा. मूत्रपिंडाची साधारण दोन तृतीयांश क्षमता गेली की मांजराला मूत्र दाट करता येत नाही, असं त्यांनी समजावलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं. मांजर खातं-पितं, खेळतं, म्हणून बहुतेकांना हे बरंच उशिरा कळतं. ते शीट त्यांनी दोनदा वरखाली करून पाहिलं आणि “हे चालू ठेवा” म्हणाले.

आता सखूचं खाणं ओलं आणि पथ्याचं आहे. पाण्याची भांडी चार झाली, डबे तीन. घरमालकांकडून तीन वर्षांत एकही तक्रार नाही. माझ्या घराला खरंच वास येत नाही, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याचं कौतुक वाटतं. मी “हो, माती चांगली आहे” एवढंच सांगतो.

आई हल्ली रात्री फोन केला की जेवलास का, हे नंतर विचारते. आधी विचारते, “आज किती?”

“पाच.”

“म्हणजे कालच्याएवढीच,” ती म्हणते, आणि मग आम्ही दुसरं काहीतरी बोलायला लागतो.